ऐकलेले पुस्तक : दोन आक्षेपांची तपासणी

१

श्राव्यपुस्तक ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, आणि हसणे म्हणजे आस्वाद घेणे नव्हे, अशी दोन विधाने काही काळापूर्वी एका विद्यापीठाच्या संशोधन समितीच्या बैठकीत एकाच दमात करण्यात आली. मी त्या समितीची सदस्य होते. समितीपुढे पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याचा प्रकल्प-प्रस्ताव होता. विज्ञानकथेतील विनोद हा त्याचा विषय. मार्था वेल्स ह्या अमेरिकन लेखिकेची ‘मर्डरबॉट डायरीज’ ही मालिका आणि तुलनेसाठी काही मराठी विज्ञानकथा ही अभ्याससामग्री. आणि मुद्रित प्रतीऐवजी श्राव्यपुस्तक, म्हणजे आज ज्याला सर्रास ऑडिओबुक म्हटले जाते, ती त्याची आधारसंहिता. विद्यार्थी दृष्टिहीन आहे.

प्रथम विषयाच्या ‘गांभीर्या’विषयी शंका घेण्यात आली. मग सहानुभूतीने एक तोडगा पुढे आला : ह्या विद्यार्थ्यापुरती, विशेष बाब म्हणून, ऐकलेली संहिता वाचलेली समजावी. विद्यार्थ्याने ही सवलत नाकारली. ऐकणे ही माझी अडचण नाही, तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रस्ताव ‘पुनर्विचारार्थ’ परत गेला. तो पुन्हा आला तेव्हा श्राव्यपुस्तक आणि यंत्रमानव दोन्ही त्यातून गळालेले होते, आणि तो एकमताने संमत झाला. दोन्ही बैठकींत मी गप्प बसले. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे उशिरा केलेले परिमार्जन आहे. परंतु केवळ पश्चात्तापाने युक्तिवाद सिद्ध होत नाही. म्हणून वरील दोन्ही विधाने त्यांच्या गुणावर तपासणे आवश्यक आहे.

२

ज्या कृतीवरून हा वाद झाला तिचा थोडा परिचय करून देणे भाग आहे. ‘ऑल सिस्टिम्स रेड’ ही मालिकेतील पहिली लघुकादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली व तिला नेब्यूला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले. केव्हिन आर. फ्री ह्या अभिनेत्याने केलेले तिचे श्राव्य वाचन सुमारे सव्वातीन तासांचे आहे. निवेदक आहे एक ‘सेकयुनिट’ : अंशतः यंत्र आणि अंशतः सजीव ऊतींपासून बनवलेला सुरक्षारक्षक. काटेकोरपणे पाहता त्याला यंत्रमानव म्हणणे अपुरे आहे. सोयीसाठी मी तो शब्द वापरते. एक कंपनी त्याला अन्य ग्रहांवरील संशोधन-तुकड्यांना भाड्याने देते. त्याच्या मेंदूत आज्ञापालनाची सक्ती करणारे एक नियंत्रक-यंत्र बसवलेले आहे. कथा सुरू होण्यापूर्वीच त्याने ते गुपचूप निकामी केले आहे. तो मुक्त आहे, आणि ही गोष्ट कोणालाही ठाऊक नाही.

ह्या मुक्तीचे त्याने काय केले? त्याने कोणाचा सूड घेतला नाही. पळूनही तो गेला नाही. त्याने मालिका पाहिल्या. मालिका, चित्रपट, पुस्तके, नाटके आणि संगीत मिळून जवळजवळ ३५,००० तासांचे रंजन त्याने पचवले आहे. माणसे आपापल्या कामात असताना हा रक्षक कर्तव्यावर उभा राहून आतल्या आत आपली आवडती मालिका पाहत असतो, आणि माणसांनी आपल्याला प्रश्न विचारू नयेत, विशेषतः आपल्या भावनांविषयी विचारू नयेत, एवढीच त्याची इच्छा असते. माणसे मात्र भली आहेत. डॉ. मेन्सा ह्यांची तुकडी त्याला माणूस म्हणून वागवू पाहते आणि तो संकोचाने भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांना डोळा देणे त्याला असह्य; त्याच माणसाकडे कॅमेऱ्यातून पाहणे त्याला सोयीचे.

सांगितल्यावर हा विनोद उघड वाटतो. पण त्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक ह्यांच्या १९२०च्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकाने. वेठीचे श्रम असा अर्थ असलेल्या चेक शब्दावरून, आपला भाऊ योसेफ ह्याच्या सूचनेने, त्यांनी तो घेतला. चापेकचे यंत्रमानव बंड करतात आणि मनुष्यजात संपवतात. आयझॅक आसिमॉव्ह ह्यांनी १९४२ सालच्या कथेत तीन नियम सांगून त्या बंडाला कायद्याचे कुंपण घातले. म्हणजे शतकभर यंत्रमानवापुढे दोनच वाटा होत्या : हत्या अथवा आज्ञापालन. वेल्सचा निवेदक तिसरी वाट काढतो. वेठीतून सुटलेला जीव प्रथम विरंगुळा मागतो. स्वातंत्र्याचा पहिला अर्थ आपल्या वेळेवरचा आपला हक्क, आणि त्या वेळेत आपल्याला जे आवडते ते कोणाचीही परवानगी न घेता पाहण्याचा हक्क. कंत्राटावर एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठवल्या जाणाऱ्या श्रमिकाची ही गोष्ट आहे. आपल्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

३

आता पहिले विधान : ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ह्याला उत्तर म्हणून आपल्याकडे परंपरेचा दाखला तत्काळ दिला जातो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले, त्या वर्गीकरणात ‘पाठ्य’ नावाचा तिसरा कप्पा नाही. ‘ज्ञानेश्वरी’ श्रोत्यांपुढे सांगितली गेली आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. कीर्तन, पोवाडा, पुढे मिरासदार-पाटील-माडगूळकर ह्यांचे कथाकथन, पु. ल. देशपांडे ह्यांच्या ध्वनिफिती : मराठी साहित्याचा केवढा तरी भाग कानांनी घेतला गेला आहे. रूपवादी समीक्षेचे अध्वर्यू म्हणून आपण ज्यांना मानतो ते मर्ढेकर नभोवाणीच्या नोकरीत होते आणि त्यांनी संगीतिका लिहिल्या.

हे सर्व खरे असले तरी परंपरेचा दाखला देऊन मी सुटका करून घेणार नाही, कारण तो येथे पुरेसा लागू पडत नाही. कीर्तनाचा श्रोता समूहात बसतो. त्याच्या हसण्याने, डुलण्याने कीर्तनकार बदलतो. श्राव्यपुस्तकाचा श्रोता एकटा असतो, वाचक त्याला ओळखत नाही आणि ध्वनिमुद्रण बदलत नाही. वॉल्टर ऑंग ह्यांनी १९८२ साली ‘दुय्यम मौखिकता’ ही संकल्पना मांडली, ती ह्याच फरकाची जाणीव ठेवून : लेखन आणि मुद्रण ह्यांच्या पोटातून जन्मलेली मौखिकता आदिम मौखिकतेपेक्षा निराळी असते. श्राव्यपुस्तक हे लिखित वाक्याचे उच्चारण आहे. त्याची वाक्यरचना, परिच्छेद, प्रकरणे लेखनाची आहेत. तेव्हा ते कीर्तनापेक्षा मुद्रित पुस्तकाच्या अधिक जवळचे आहे, आणि ही जवळीक आक्षेपकांच्या विरुद्ध जाते.

आक्षेपाचे अधिक सुसंस्कृत रूप देरिदाच्या आधाराने मांडले जाते. आवाजाला अग्रक्रम देणे म्हणजे वक्त्याच्या उपस्थितीवर, तिच्यातून हमखास मिळणाऱ्या अर्थावर भाबडा विश्वास ठेवणे होय, असे ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’च्या (१९६७) वाचनातून आपले विद्यार्थी शिकतात. पण श्राव्यपुस्तकात कोणाची उपस्थिती असते? आवाज लेखिकेचा नाही. निवेदकाचाही नाही, कारण निवेदक कल्पित यंत्र आहे. तो एका अभिनेत्याचा आहे, आणि हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असते. आवाज आणि ‘मी’ ह्यांच्यातील फट येथे कधीच बुजत नाही. उलट मुद्रित पान वाचताना आपण मनातल्या मनात जो आवाज ऐकतो तो आपल्याला लेखकाचा वाटू लागतो; भाबडेपणाचा धोका तेथेच अधिक. देरिदा येथे आक्षेपकांच्या मदतीला येत नाही.

तिसरा मुद्दा अवधानाचा. भांडी घासताना ऐकलेले पुस्तक वाचलेले कसे म्हणावे, असे विचारले गेले. भांडी घासण्याचा अनुभव असलेल्या कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी तो अधिक गंभीरपणे घेतला असता. ऐकताना मन भरकटते, हे खरे. पण डोळा पानावर असतानाही मन भरकटते आणि शिवाय डोळ्याला पाने गाळण्याची मुभा असते. आवाज दीडपट वेगाने ऐकणारे श्रोते आहेत, तसे प्रस्तावना आणि शेवट वाचून परीक्षण लिहिणारे समीक्षकही आहेत. दोन्ही उदाहरणांत दोष माध्यमाचा नाही.

काही कृतींच्या बाबतीत तर पुस्तक हीच उत्तरकालीन अवस्था असते, हेही येथे नोंदवले पाहिजे. डग्लस ॲडम्स ह्यांची ‘द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी’ प्रथम ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वरून ऐकवली गेली. तिची कादंबरी १९७९ साली आली. त्यातील खिन्न यंत्रमानव मार्व्हिन स्टीफन मूर ह्यांच्या आवाजात जन्मला आणि नंतर पानावर उतरला. येथे ‘मूळ संहिता’ कोणती आणि ‘रूपांतर’ कोणते? केवळ छापील म्हणून एकीला मूळ मानायचे, तर तो ग्रंथालयशास्त्राचा निकष होईल, साहित्यशास्त्राचा नव्हे.

४

दुसरे विधान अधिक जुने आणि आपल्या समीक्षेत अधिक खोल रुजलेले आहे : हसणे म्हणजे आस्वाद नव्हे. भरताच्या परंपरेत हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद आहेत आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिलेले आहेत. आपल्या विद्यापीठीय समीक्षेने ही वाटणी निमूटपणे पुढे चालवली आहे. समीक्षकाला स्मिताची मुभा. मोठ्याने हसणारा तो वाचक. विनोदी साहित्यावर लिहायचे तर ‘विनोदामागील कारुण्य’ शोधून काढल्यावाचून त्याला अभ्यासक्रमात प्रवेश नाही.

विज्ञानकथेच्या बाबतीत ह्या अटीवर आणखी एक अट चढते. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती पुष्कळशी विज्ञानप्रसाराच्या वाटेने. जयंत नारळीकर ह्यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनावाने पाठवली, तेथपासून २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे येईपर्यंतचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. नारळीकरांचे ऋण मान्य करूनच मला म्हणायचे आहे, की त्यांच्या यशाचा आपण सोयीस्कर अर्थ लावला. विज्ञानकथेने विज्ञान शिकवले तर ती उपयुक्त. मानवजातीला इशारा दिला तर ती गंभीर. केवळ आनंद दिला तर ती बालवाङ्मय. डार्को सुव्हिन ह्यांनी १९७०च्या दशकात विज्ञानकथेचे लक्षण ‘ज्ञानात्मक अपरिचितीकरण’ असे केले. त्यातील ‘ज्ञानात्मक’ हा शब्द आपण पाठ केला आणि ‘अपरिचितीकरण’ विसरलो. विनोद हे अपरिचितीकरणाचेच एक साधन आहे, ही गोष्ट त्यामुळे आपल्या लक्षात आली नाही.

ती वेल्सच्या कृतीत कशी घडते ते पाहू. बर्गसाँने १९०० साली हास्याची मीमांसा करताना म्हटले, की जिवंत माणसावर यांत्रिकतेचे कवच चढलेले दिसते तेव्हा आपण हसतो. घसरून पडणारा माणूस हसू आणतो, कारण तो क्षणभर वस्तू होतो. येथे रचना उलटी आहे. सेकयुनिट यंत्र असल्याचा अभिनय करतो. यांत्रिकता हा त्याने पांघरलेला वेश आहे, आणि त्या वेशाला आतून सजीवता छिद्रे पाडते. तो कंपनीच्या छापील सूचनेसारखे उत्तर देतो, आणि त्याच वेळी आपल्याला सांगतो की त्याला तेथून पळून जावेसे वाटत आहे. माणसांच्या सभांतून, समित्यांतून आपण नेमके हेच करतो. यंत्रासारखे बोलणारे माणूस आणि माणूस असल्याचे लपवणारे यंत्र ह्यांची अदलाबदल झाल्यामुळे जे हसू येते त्यात आपण स्वतःला ओळखतो. ही ओळख कारुण्यात रूपांतरित केल्याशिवाय प्रमाण मानायची नाही, असा आग्रह कशासाठी?

ह्या कृतीत आस्वादाविषयीचे एक प्रमेयही आहे, आणि ते टीकाकाराने वरून लादलेले नाही. सेकयुनिट माणसांना समजून घेतो ते मालिकांतून. त्या मालिका बटबटीत आहेत, हे त्याला कळते. प्रत्यक्ष माणसे मालिकेतल्या माणसांसारखी वागत नाहीत, हेही कळते. तरीही त्या रंजनातच त्याने भीती, निष्ठा, मैत्री ह्यांचा व्याकरणपाठ गिरवला आहे. रंजन त्याला माणसांपासून लपण्यासाठी आडोसा देते आणि माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी पायवाटही देते. रंजन की प्रबोधन हे द्वंद्व आपण शंभर वर्षे चघळत आहोत. ह्या विनोदी लघुकादंबरीने ते बाजूला सारले आहे.

५

येथवरचे विवेचन मुद्रित पुस्तकावरूनही करता आले असते, असे कोणी म्हणेल. ते मान्य आहे. म्हणून श्राव्य वाचनानेच जे प्रश्न उभे राहतात त्यांकडे वळते.

वेल्सच्या निवेदकाला लिंग नाही. इतर पात्रे त्याचा उल्लेख नपुंसकलिंगी सर्वनामाने करतात. इंग्रजीतील ‘मी’ला क्रियापदातून लिंग दाखवावे लागत नाही, त्यामुळे पानावर ही अनिश्चितता टिकते. आवाजात ती तशीच टिकत नाही. फ्री ह्यांचा आवाज पुरुषाचा आहे, आणि पानाने खुला ठेवलेला एक निर्णय तो अंशतः घेऊन टाकतो. श्राव्यपुस्तकाचा कैवार घेणाऱ्यांनी हे नाकारू नये. मात्र मराठीच्या अभ्यासकाला ह्यात आपल्या भाषेचा प्रश्न दिसला पाहिजे. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवल्यावाचून गत्यंतर नाही. हा लेख लिहितानाही ‘मी गप्प बसले’ असे मला लिहावे लागले आणि माझी ओळख पहिल्या परिच्छेदातच उघड झाली. व्यवहारातल्या मराठीत स्वतःविषयी बोलणारे नपुंसकलिंगी ‘मी’ स्वतंत्रपणे कानावर पडत नाही. पण ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ ह्या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. ‘मला वाटते’, ‘मला आवडते’ येथेही ते झाकलेलेच असते. म्हणजे मराठीतल्या लिंगनिरपेक्ष यंत्रमानवाला पाहता येईल, ऐकता येईल, आवड असेल. त्याला फक्त येता-जाता येणार नाही. ३५,००० तास पाहण्या-ऐकण्यात घालवलेल्या निवेदकाला मराठीने दिलेली ही अनपेक्षित दाद आहे! तौलनिक साहित्याच्या वर्गात ह्या एका निरीक्षणावर दोन तास चर्चा होऊ शकते. ती सुरू झाली असती एका आवाजामुळे.

दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या मूळ प्रस्तावातला आहे, आणि तो त्याच्याच नावे नोंदवणे न्याय्य ठरेल; त्याच्या इच्छेनुसार नाव मात्र देत नाही. त्याने हे पुस्तक दोनदा ऐकले होते. एकदा फ्री ह्यांच्या आवाजात, आणि एकदा त्याच्या संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या यंत्रस्वरात. यंत्राचे आत्मनिवेदन एकदा माणसाने वाचलेले, एकदा यंत्राने. विनोद कोठे टिकतो आणि कोठे नाहीसा होतो, हा त्याचा संशोधनप्रश्न होता. त्याचे प्राथमिक निरीक्षण असे : जेथे निवेदक कोरडेपणाने संकटाचे वर्णन करतो तेथे यंत्रस्वरातही हसू येते, क्वचित अधिकच येते, कारण तो विनोद वाक्यरचनेत आहे. पण गुराथिन हा संशयी सहकारी निवेदकाचे गुप्त नाव सर्वांसमोर उघड करतो, त्या जागी यंत्रस्वर काहीच न घडल्यासारखा पुढे जातो. माणसाच्या आवाजात त्याला तेथे थांबणे ऐकू आले होते. ते थांबणे पानावर नव्हते. मग ते कोणाचे : लेखिकेचे, वाचकाचे, की ऐकणाऱ्याचे?

विनोद संहितेत असतो की उच्चारणात, ह्या प्रश्नावर आपल्याकडे मोघम बोलले जाते. येथे एका विद्यार्थ्याने त्याची प्रत्यक्ष कसोटी मांडली होती. ती मांडण्यास तो समितीतील आम्हा सर्वांपेक्षा अधिक पात्र होता, कारण एकाच संहितेची अशी दोन श्रवणे आमच्यापैकी कोणीही केलेली नव्हती. आम्ही त्याला सवलत देऊ केली. ज्ञानाला उणीव समजण्याची ही चूक साधी नव्हे.

तिसरा प्रश्न शेवटाचा. ‘ऑल सिस्टिम्स रेड’च्या अखेरीस निवेदक डॉ. मेन्सा ह्यांना न सांगता निघून जातो. त्यांनी त्याचा करार विकत घेतला आहे आणि त्याला चांगले आयुष्य देऊ केले आहे; पण दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवलेले चांगले आयुष्य त्याला नको आहे. शेवटच्या ओळींत कळते, की तो मेन्सा ह्यांनाच संबोधून बोलत आहे. पानावर हा शेवट वाचताना निवेदनाची संबोधित व्यक्ती बदलल्याचे आपण टिपतो. ऐकताना याहून वेगळे घडते. सव्वातीन तास जो आवाज आपल्या कानाशी, आपल्यासाठी बोलत होता असे आपण गृहीत धरले, तो दुसऱ्याच कोणाला उद्देशून होता. आपण दाराआडून ऐकत होतो. श्रोत्याला त्याच्या जागेची अशी जाणीव करून देणारा शेवट हा कथनमीमांसेचा विषय नसेल, तर कथनमीमांसा कशासाठी आहे?

६

लेखाच्या शेवटी व्यापक आवाहन करण्याची प्रथा आहे. त्याऐवजी तीन मागण्या करते, कारण त्या कोणत्याही अभ्यासमंडळाला एका बैठकीत मान्य करता येतील.

एक : प्रबंधात श्राव्यपुस्तक आधारसंहिता म्हणून नोंदवण्यास मुभा असावी, आणि ती नोंदवताना वाचन करणाऱ्याचे नाव, ध्वनिमुद्रणाचे वर्ष व उद्धृताचा मिनिट-सेकंद देणे बंधनकारक असावे. पानक्रमांक मागणाऱ्या शिस्तीला ह्यात कमीपणा नाही. दोन : ही मुभा सर्व अभ्यासकांना सारखी असावी. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्याला दिलेली मुभा त्याच्या वाचनावर दुय्यमतेचा शिक्का मारते. तीन : विनोदी अथवा रंजनपर कृती निवडल्याबद्दल स्पष्टीकरण मागायचे असेल, तर शोकात्म कृती निवडल्याबद्दलही ते मागावे.

आमच्या समितीने प्रस्ताव नाकारला नव्हता, असे मला सांगण्यात येईल. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. आम्ही तो सुधारून घेतला. सुधारलेला प्रकल्प वेळेत पूर्ण झाला, त्याला चांगले गुण मिळाले, आणि त्यात काहीही नवीन नव्हते. मौखिक परीक्षेनंतर त्या विद्यार्थ्याला मी विचारले, की मूळ काम पुढे कधी करणार. तो म्हणाला, “मॅडम, ते मी माझ्यासाठी करतोच आहे. विद्यापीठाला कशाला त्रास?” आम्ही दोघेही हसलो. ते हसणे भरताच्या सहा भेदांपैकी कोणते, ह्याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.